धरायची दांडी

अर्धांगवायूचा झटका आल्यापासून द्वारकाबाई विरारच्या त्या फ्लॅटमध्ये अंथरुणाला खिळून होत्या. हरिश्चंद्ररावांनी गोखिवऱ्याच्या एका ओळखीच्या गाळ्यातून ड्रिल मशीन मागून आणली आणि बायकोला उठताना धरता यावी म्हणून बाथरूमच्या भिंतीला दांडी बसवायला घेतली. दहा मिलिमीटरच्या बिटने पाडलेलं पहिलं भोक मोठं झालं. स्क्रू पिळला की त्याला धरून ठेवणारी आतली प्लास्टिकची गिट्टीही त्याच्याबरोबर फिरायची. त्यांनी ते भोक सिमेंटने बुजवलं आणि जरा बाजूला आठाच्या बिटने दुसरं पाडलं. या वेळी गिट्टी हातोडीने ठोकली तेव्हा कुठे आत गेली. मग तशीच बाकीची भोकं पाडून दांडी पक्की केली आणि तिला स्वतः लोंबकळून त्यांनी खात्री करून घेतली.

दाराशी उभ्या असलेल्या मुलीला, सुरुचीला, राहवलं नाही.

"बाबा, आई आता उठणार नाही असं डॉक्टर म्हणाले ना काल? मग कशाला एवढी मरमर?"

"हळू बोल. तिला कुठे माहीत आहे? मशीनचा आवाज ऐकून तिला वाटेल, आपण उठणार आहोत. आणि दांडी सैल बसवली, तर मलाच खोटं बोलल्यासारखं वाटेल गं."

सुरुची डोळे पुसून आईजवळ जाऊन बसली. द्वारकाबाईंनी तिचा हात धरला आणि त्या अडखळत म्हणाल्या,



"डॉक्टरांचं मी सगळं ऐकलंय. पण बाबांना सांगू नकोस, किती दिवसांनी आज शीळ घालतायत."