नर्मदाबाईंचा निरोप

"नर्मदाबाई पहाटे गेल्या," मुकादम बन्सीलालने सविताला शाळेच्या फाटकाशीच थांबवून सांगितलं. "पण पितांबर आबांना यातलं काही कळू द्यायचं नाही."

सविताने हातातला झाडू भिंतीला टेकवला.

"काल संध्याकाळी तर माझ्याशी बोलल्या होत्या."

"मुलाचा फोन आला होता. प्रशीलचा. कुवेतहून यायला त्याला दोन-तीन दिवस लागतील. अंत्यविधी तो आल्यावरच. तो म्हणाला, आबांना मी येऊन सांगतो, तोवर त्यांच्या कानावर जाऊ देऊ नका." बन्सीलालने आवाज उतरवला. "रोज तूच निरोप नेतेस-आणतेस. तसंच चालू ठेव."

"मला नाही जमणार, भाऊ."

"मग कोणाला जमेल?"

सविताने झाडू पुन्हा हातात घेतला.

वादळाने पिंप्राळ्यातल्या तिच्या वस्तीवरचे पत्रे उडवून नेले, तेव्हापासून महापालिकेच्या शाळेतले वर्ग लोकांना राहायला दिले होते. सविता महापालिकेची सफाई कामगार. तिचंही घर उघडं पडलं होतं. दोन मुलींना घेऊन ती कोपऱ्यातल्या वर्गात राहायची आणि दिवसभर त्याच शाळेत ड्युटी करायची. बाकीचे कामगार रस्त्यांवर आडवे झालेले निंब कापत होते.

पितांबर आबा आणि नर्मदाबाई या नवरा-बायकोच्या अंगावर घराची भिंत कोसळली होती. आबांच्या पायाला प्लास्टर घालून त्यांना शाळेत आणून ठेवलं. नर्मदाबाईंच्या छातीला मार होता, त्यांना दवाखान्यात ठेवून घेतलं. आबांना हलता येत नव्हतं आणि नर्मदाबाईंकडे फोन नव्हता. म्हणून ड्युटी संपली की सविता दवाखान्यात जायची, नर्मदाबाईंशी चार शब्द बोलायची आणि ते आबांना येऊन सांगायची.

त्या संध्याकाळीही ती गेली. खोटं बोलायचं तर निदान जाऊन तरी यावं, असं तिला वाटलं. दवाखान्याच्या समोर चहाच्या टपरीवर बसून राहिली. चहा तसाच निवला. मग रिक्षाने परत आली.

आबा भिंतीला पाठ लावून बसले होते, मोबाइल उशाशी पडला होता.

"कशी शे ती?"

"बऱ्या आहेत, आबा."

"जेवनी का?"

"पेज घेतली थोडी."

"काय म्हने?"

सविताने एवढ्या पुढचं काही ठरवलेलं नव्हतं. ती आबांच्या पायाखालची उशी सारखी करत राहिली.

"म्हणाल्या, गोळ्या घेतात का बघ. म्हातारा टाळाटाळ करतो."

आबांनी मान वर केली.

"म्हातारा म्हटलं तिनं?"

"हो."

"तशीच बोलते ती," आबा म्हणाले. त्यांनी स्वतःहून पाण्याचा तांब्या मागितला आणि गोळी घेतली.

त्याच वर्गात अकबरी आपल्या सासूला घेऊन राहत होती. तिला सगळं ठाऊक होतं. ती सविताच्या मागोमाग नळापाशी आली.

"मुलगा आल्यावर यांना कळणारच ना गं. मग हा माणूस तुझं तोंडसुद्धा बघणार नाही."

"नाही बघितलं तर नाही," सविता म्हणाली. "आज गोळी तरी घेतली त्यांनी." मग नळ सोडून तिने तोंडावर पाणी मारलं आणि बराच वेळ मारत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती निघताना आबांनीच हाक मारली.

"पोरी, तिले सांगजो, माझी काळजी नको. आन् विचारजो, लग्नानंतर पहिल्यांदा शिंदखेड्याहून निघालो तेव्हा नरडाण्याच्या स्टेशनावर ती रुसून बसली होती. आठवतं का म्हणावं."

सविता पुन्हा त्या टपरीवर जाऊन बसली. समोरून लोक डबे घेऊन दवाखान्यात शिरत होते. नर्मदाबाई काय बोलल्या असत्या, याचाच ती विचार करत होती. चारच दिवसांची ओळख, पण त्या बाईचा आवाज तिच्या कानात पक्का बसला होता.

ती परतली तेव्हा आबांनी ताट तसंच पुढ्यात ठेवलं होतं.

"विचारलं का?"

"विचारलं."

"बठ्ठं सांग, काही गाळू नको."

"आधी हसल्या. मग म्हणाल्या, आठवतं तर. पण चूक त्यांचीच होती. गाडी गेली तरी चहा पीत उभे होते."

आबा हसायला लागले. हसता हसता त्यांनी उपरण्याने डोळे पुसले.

"माझीच होती," ते म्हणाले. "माझीच होती चूक." आणि त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला.

कधी सोडणार, घरी कधी आणणार, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. सविताला त्याचंच हायसं वाटत होतं. त्या प्रश्नाला काय उत्तर द्यावं, हे तिला सुचलं नसतं.

प्रशील आला तो तिसऱ्या दिवशी सकाळी, स्टेशनवरून सरळ शाळेत. बॅग खांद्यावरच होती, डोळे सुजलेले. सविताने त्याला वर्गाच्या दाराशी गाठलं आणि ओट्याच्या टोकाला नेलं.

"भाऊ, तुम्ही म्हणालात तसंच ठेवलंय. आबांना अजून काही माहीत नाही. मी फार खोटं बोलले त्यांच्याशी. नर्मदाबाईंच्या तोंडी वाट्टेल ते घातलं. तुम्ही सांगाल तेव्हा एवढं सांगा, माझा नाइलाज होता."

प्रशीलने बॅग खाली ठेवली.

"ताई, दवाखान्यातून पहिला फोन आबांनाच आला होता. आई गेल्याचं मला त्यांनीच कळवलं."

सविता ओट्याच्या कडेवर बसली.

"मग तुम्ही मुकादमांना..."

"तेही आबांनीच मला सांगायला लावलं. म्हणाले, मुकादमाला सांग, म्हाताऱ्याला कळू देऊ नका. म्हणजे ती पोर रोज संध्याकाळी तुझ्या आईचा निरोप घेऊन येत राहील."