जून-जुलैच्या चौकटी

परळच्या हॉटेलात शिरताना दिशाने बजावलं, “आये, मीच बोलेन. आणि सुक्या बोंबलांचा डबा काढू नकोस, वास येतो.” रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणून सोनूबाईने तो आणला होता. लेकीने हॉटेलला मासळी पुरवायच्या धंद्याचं वर्षाचं टार्गेट कागदावर मांडलं होतं. बारा महिन्यांच्या बारा चौकटी, प्रत्येकीत पापलेटांचा वाढता आकडा. हॉटेलमालकाला बारमाही माल हवा म्हणून जून-जुलैही भरले होते. त्याने सहीसाठी पेन उघडलं, तसा सोनूबाईने त्या चौकटींवर तळवा ठेवला. “शेठ, तेव्हा मासळी अंडी घालते, होड्या बंद असतात. खोटं कशाला?” “मग पावसात गिऱ्हाइकाला काय वाढू?” दिशाचा चेहरा उतरला. सोनूबाईने डबा उघडला. “आम्ही खातो तेच.” मालकाने बोंबील मोडून हुंगला, पेन उघडंच ठेवलं. दिशाने दोन्ही आकडे खोडले, कागद आईकडे फिरवला. “आये, आकडा तू सांग.”