डावी स्प्रिंग

स्प्रिंगा कडक घ्याव्यात की नरम, या एकाच प्रश्नाने एझराचं तीन महिने डोकं उठलं होतं. बावीस वर्षं जिवापाड जपलेली त्याची दोन सीटची लाल स्पोर्ट्स कार हल्ली उजवीकडे कलायला लागली होती आणि जो तो वेगळाच सल्ला द्यायचा. शेवटी वैतागून त्याने ती कळंबोलीला सुदाम मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये आणली. त्याची बायको एलिशेवा मागून पावसात रिक्षाने आली, हातात ओली छत्री घेऊन.

सुदामने पुढच्या दोन्ही जुन्या स्प्रिंगा काढून शेजारी शेजारी उभ्या केल्या. "साहेब, उजवी पार बसलीय. डावी मात्र नव्यासारखी आहे."

"असं कसं होईल?" एझरा उखडला. "दोन्ही एकाच गाडीच्या, त्याच खड्ड्यांतून गेल्यात! परत मोज."

सुदामने तिसऱ्यांदा टेप लावला. "उजवीवर तुमचं वजन असतं, साहेब. डावीकडे कोण बसतं?"

"कोण म्हणजे? माझी बायको बसते!"

एलिशेवाने गाडीचं डावं दार उघडलं. सीटवर शोरूमचं प्लास्टिक अजून तसंच होतं, फक्त पिवळं पडलेलं.

"अगं, तुझ्या ओल्या छत्रीने सीट खराब..." एझरा मध्येच थांबला.

सुदामने मान वर न करता ऑर्डरचा कागद पुढे ओढला. "नव्या मागवताना किती जणांचं वजन धरू?"

"दोघांचं!" एझरा ओरडला.

"एकाचंच धरा," एलिशेवा म्हणाली आणि तिने रस्त्यावर जाऊन रिक्षाला हात केला.