पानी उकयलं

“पानी उकयलं. चिंध्या टाकल्या त्यात. आता काय करू हो?”

हेडफोनमध्ये हा आवाज आला आणि समताचा अंगठा मोबाईलवर थबकला.

गेममध्ये त्यांची टोळी एका पडक्या घरात लपली होती. बाहेर झोंबी दारं खरवडत होते. टोळीत समता, गंधार आणि इरा. ते दोघे तिच्या पुण्याच्या ऑफिसातले. चौथा गडी कमी होता, म्हणून गंधारने नुकतंच एका अनोळखी खेळाडूला आत घेतलं होतं. त्याने स्वतःचं नाव ‘प्रवासी’ ठेवलं होतं.

समताला तो अनोळखी नव्हता. तोच आवाज भिंतीपलीकडून, शेजारच्या खोलीतूनही येत होता. ते तिचे बाबा होते. माणिकराव, एस.टी.चे निवृत्त कंडक्टर.

वर्षभर ती शेगावात घरूनच काम करत होती. दिवसभर कानाला हेडफोन, संध्याकाळी गेम. आई मेहकरला मामाकडे गेल्यापासून घरात दोघंच होते आणि दोघांचं बोलणं ताटावरच संपायचं. परवा माणिकराव तिच्या दारात उभं राहून म्हणाले होते, “मलेही शिकव ना वो तुहा खेळ. संगं खेळू.”

“तुम्हाले नाही जमत ते, बाबा,” ती मान न वळवता म्हणाली होती.

ते गेले. तिला वाटलं, विसरले असतील. पण त्यांनी गेम घेतला होता, तिच्या स्क्रीनवर दिसलेलं टोळीचं नाव लक्षात ठेवलं होतं, माईकसुद्धा सुरू केला होता. फक्त वस्तू कशी बनवायची तिथे येऊन अडले होते. जखमेवरची पट्टी. या गेममध्ये ती बनवता आल्याशिवाय कोणी टिकत नाही.

“उकयलं!” गंधार हसत सुटला. “काका, काय उकयलं?”

“पानी,” माणिकराव सरळपणे म्हणाले. “पन पट्टी काही बनून नाही राह्यली.”

“बनून नाही राह्यली,” इराने तोच हेल काढला. मग तीही हसायला लागली.

समताही हसली. हसू आलं नव्हतं, पण ते दोघे हसत होते.

“ए समता, तू तिकडचीच ना?” गंधारने विचारलं. “तुमच्या घरीपण असंच बोलतात?”

भिंतीपलीकडे बाबा उत्तर ऐकायला थांबलेत हे तिला कळलं. तीन शब्द पुरे होते. ‘माझे बाबा आहेत.’ ते ओठांपर्यंत आलेही. मग तिला सोमवारची मीटिंग दिसली, आणि मीटिंगमध्ये कोणीतरी हळूच म्हणेल तो ‘उकयलं’.

“छे,” ती म्हणाली. “आमच्या घरी कोणी असं बोलत नाही.”

‘प्रवासी’च्या नावापुढची माईकची खूण विझली.

समताला वाटलं, आता ते गेम बंद करतील. त्यांनी केला नाही. त्यांचा गेममधला माणूस शेगडीजवळ उभा राहून एकट्यानेच खटपट करू लागला. चिंधीला खिळे लावून पाहिले. चिंधी तेलात बुडवली, ती पेटली. चिंधीला दोरी बांधली. समताला सगळं दिसत होतं. चिंधी उकळून वाळवायची आणि मग तिच्यावर स्पिरिट टाकायचं, एवढंच सांगायचं होतं. तेवढ्यासाठीही तिला तोंड उघडवेना. बोलावं तर कोणत्या भाषेत, हा प्रश्न होता.

तेवढ्यात मागचं दार फुटलं. झोंबी आत घुसले. गंधार आणि इरा जिन्यावर पळाले. समता सापडली. तिचा माणूस जमिनीवर कोसळला आणि स्क्रीन कडेने लाल होत गेली.

“समता गेली. सोडा तिला,” गंधार ओरडला. “वर या सगळे!”

‘प्रवासी’ वर गेला नाही. तो झोंबींच्या गर्दीतून वाट काढत पुढे आला, तिच्याजवळ बसला आणि तिच्या दंडाला पांढरी पट्टी गुंडाळू लागला. पाठीवर वार होत होते. तो हलला नाही. पट्टी पुरी झाली, समताचा माणूस उठून उभा राहिला आणि ‘प्रवासी’ तिथेच आडवा झाला.

“अरे वा! शिकले की काका,” इरा म्हणाली.

समताने हेडफोन काढले. भिंतीपलीकडे खुर्ची सरकली. मग स्वयंपाकघरात भांडी वाजली.

ती उठली तेव्हा काय बोलायचं ते तिने ठरवलं होतं. ते घरच्याच बोलीत बोलायचं हेही ठरवलं होतं.

ताट वाढलेलं होतं. माणिकराव तव्याजवळ पाठमोरे उभे होते.

“बाबा,” ती म्हणाली, “मी मघाशी काऊन तसं बोलली, मलेच नाही समजलं. तुम्ही बसा ना. संगं जेवू.”

ते वळले. चेहऱ्यावर राग नव्हता. उलट परक्या घरी पाहुणा म्हणून गेल्यासारखे ते जरा अवघडले होते. त्यांनी तिच्या ताटात पोळी ठेवली आणि एकेक अक्षर जपून, नीट जुळवून विचारलं,

“तुला आणखी भाजी हवी आहे का, बाळा?”