अकरा एकांचा भागाकार

"हिला कशानं भाग जातो ते सांगा," असं म्हणून तिनं कागद दातांच्या डॉक्टरांपुढे सरकवला. कागदावर अकरा एक ओळीनं उभे होते. अकरा अब्ज अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा.

भावानं कपाळाला हात लावला. बहीण गणिताची शिक्षिका, चाळिशीला टेकलेली. तिचं कुठे जमावं म्हणून तो ज्याला चहाला बोलवी, त्याच्यापुढे ती हाच कागद ठेवी. आधीच्या दोघांनी फोन काढून मिनिटभरात उत्तर वाचून दाखवलं होतं. "बरोबर," एवढंच म्हणून ती आत गेली, ती पुन्हा बाहेर आलीच नाही.

डॉक्टरांनी पेन मागितलं. तीननं भागून पाहिलं, दोन उरले. सातनं पाहिलं, पुन्हा दोनच. तेरानं नऊ. "अक्कलदाढेची बहीण दिसतेय," ते म्हणाले. "सगळीकडून धरून पाहिलं, हलायचं नाव नाही."

ती हसली. तिला असं खळखळून हसताना भावानं कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं.

दिवेलागणीला डॉक्टर उठले. "आज काही जमलं नाही. पुढच्या रविवारी येऊ का?"

मग ते दर रविवारी येऊ लागले. ते भागाकार करत, ती समोर बसून मुलींचे पेपर तपासे. मधेच मान वर न करता म्हणे, "हातचा विसरलात." कधी समजावून सांगे, "एकवीसनं कशाला भागताय? तीननं गेला नाही तर एकवीसनं कसा जाईल? मूळ संख्याच घ्या." ते पेशंटच्या गमती सांगत, बोट चावणाऱ्या आजोबांपासून खुर्चीतच घोरणाऱ्या हवालदारापर्यंत. वहिनी त्यांच्यासाठी खिडकीजवळची खुर्ची मोकळी ठेवू लागली. थंडी सरली, उन्हं तापली. संख्या काही तुटेना.

भावाचा जीव टांगणीला लागला. या गतीनं दोघं म्हातारे व्हायचे. एका रविवारी बहीण चहा टाकायला आत गेली, तसा तो डॉक्टरांच्या कानाशी वाकला.

"एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास. मी सांगितलं म्हणू नका."

डॉक्टर कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले. "माहीत आहे हो. पहिल्या रविवारी घरी गेल्या गेल्या फोनवर पाहिलं. पण उत्तर सांगून टाकलं, तर पुढच्या रविवारी कोणत्या तोंडानं यायचं?"

भाऊ तडक स्वयंपाकघरात गेला. चहाला उकळी आली होती.

"अगं, तुझे डॉक्टर पक्के लबाड आहेत. त्यांना उत्तर कधीचं ठाऊक आहे."

"मला माहीत आहे," ती चहा गाळता गाळता म्हणाली. "हल्ली त्याच त्या संख्यांनी पुन्हा पुन्हा भागतायत. मागच्या रविवारी तर चक्क दहानं भागत बसले होते."

"मग तू काही बोलली नाहीस?"

"बोलले की. बाकी बरोबर आली म्हटलं."