मागची होडी

डेलिथच्या बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. गावात चित्रित झालेल्या पोलिसी मालिकेच्या आजच्या भागात तिचा दरवाजा दिसणार होता, म्हणून अर्धी गल्ली जमली होती. दरवाजा क्षणभर दिसला. तेवढ्यासाठी टाळ्या पडल्या.

तिचा नवरा एम्लिन गेल्यापासून घरात एवढी माणसं पहिल्यांदाच आली होती. त्याची निळी होडी खडकांपाशी रिकामी सापडली होती. एकटाच समुद्रात गेला, तोल गेला असणार, असं चौकशीत ठरलं. होडीतला भागीदार रॉड्री त्या सकाळी तापाने अंथरुणात होता. तसं त्याने शपथेवर सांगितलं होतं. तेव्हापासून तो अधूनमधून येऊन डेलिथची गळकी पन्हळ, बिजागऱ्या असं काहीबाही दुरुस्त करून जायचा. आता तो एम्लिनच्या खुर्चीत बसून तव्यावरचे केक खात होता.

पडद्यावरचा इन्स्पेक्टर चॅपलच्या पायऱ्या उतरला आणि थेट बंदरावर पोचला.

“मधला डोंगर कुठे ठेवला याने?” शेजारच्या नेस्ता आंटी म्हणाल्या. “आणि हे असले बूट घालून धक्क्यावर? पुढचा मुडदा याचाच.”

सगळे हसले. डेलिथ हसली नाही. बंदरावरचं शूटिंग एकाच सकाळी झालं होतं, एम्लिन गेला त्या सकाळी. इन्स्पेक्टरच्या खांद्यामागून एक निळी होडी बाहेर पडताना दिसली होती.

तिने रिमोट उचलून दृश्य मागे घेतलं.

“अगं, माझा खुनी निसटेल ना,” नेस्ता आंटींनी कुरकुर केली.

होडी पुन्हा निघाली. इंजिनापाशी एम्लिन, तिने विणलेल्या लाल टोपीत. त्याच्यासमोर पाठमोरा आणखी एक माणूस. पिवळा रेनकोट, पाठीवर ताडपत्रीचं काळं ठिगळ.

डेलिथने मान वळवली. बैठकीचं दार उघडंच होतं. बाहेर खुंटीवर रॉड्रीचा रेनकोट लटकत होता. ठिगळावरून अजून पाणी ठिबकत होतं.

“जाऊ दे की पुढे,” रॉड्री म्हणाला. आवाज नेहमीचाच होता. केक मात्र तोंडापाशी येऊन थांबला होता.

तिने चित्र पुन्हा मागे घेतलं आणि होडी दिसताच थांबवलं. नेस्ता आंटींनी चष्मा चढवला. पडद्याकडे पाहिलं, मग दाराबाहेर. मग एकेकाची मान दाराकडे वळली.

“रॉड्री,” डेलिथने विचारलं, “त्या दिवशी तुझा ताप कधी उतरला?”

रॉड्रीने केक बशीत ठेवला, बोटं पुसली आणि रिमोटसाठी हात पुढे केला. तिने दिला नाही.

पडद्यावर इन्स्पेक्टर तसाच थिजून उभा होता. पायाशी मुडदा बनून पडलेल्या नटाकडे निरखून बघत, समुद्राकडे पाठ करून.