हसरा कौल

लेकीच्या मनगटावर हातमोज्याची रेघ सुरीने आखल्यासारखी उमटली होती. एका बाजूला करपलेली कातडी, दुसऱ्या बाजूला लख्ख गोरी. थिएन-फूने आधी तेच पाहिलं. कोळशाविरुद्ध गावोगाव बोलत, सायकलने तैवानभर फिरून पेई-शान आज सोबत्यांसह आपल्याच गावच्या समुद्रदेवीच्या देवळात आली होती.

देवळाचा प्रमुख तोच. कालवांचं खाजण वीजकंपनीला राख टाकायला द्यायचं का, असा कौल तो तीन वर्षं लावत होता. कंपनी नवा धक्का बांधून देणार होती, त्यामुळे ‘नाही’ म्हणायला जीभ रेटत नव्हती. तबकातल्या लाकडाच्या दोन चंद्रकोरी जमिनीवर टाकायच्या. दोन्ही चपट्या बाजू वर पडल्या की देवी हसली, पुन्हा विचारा. देवी दरवेळी हसायची.

“तेच तेच विचारल्यावर हसेल नाही तर काय!” गावातली म्हातारी चिऊ आजी म्हणाली. “पोरीनं अख्खं बेट पालथं घातलं, आणि तू अजून तबकापाशीच!”

“आजी, गप्प बस ना,” पेई-शान पुटपुटली.

थिएन-फूने चंद्रकोरी उचलल्या. पुन्हा त्या मनगटाकडे पाहिलं आणि त्या तशाच तबकात ठेवल्या.

“आई,” तो देवीला मोठ्याने म्हणाला, “आज विचारायला नाही, सांगायला आलोय. खाजण द्यायचं नाही.”